ताजा राग

दात पडला तो टेबलावरच्या काचेवर, आणि त्याचा आवाज सावळीरामला थपडेच्या आवाजापेक्षा मोठा वाटला. थप्पड त्यानं स्वतःच मारली होती. आपण मारलेल्या थपडेचा आवाज आपल्याला कमीच ऐकू येत असावा. हेडक्लार्क क्षेमकल्याणी एक हात गालावर ठेवून दाताकडे बघत होते, दुसऱ्या खात्याचं टपाल चुकून आपल्या टेबलावर आलं की बघायचे तसे. दात त्यांचाच होता यात शंका नव्हती. कचेरीतल्या सगळ्यांना तो ओळखीचा होता. मसुदा वाचताना क्षेमकल्याणी जिभेनं त्याला आतून ढकलायचे, तो खिळखिळ्या कडीसारखा बाहेर यायचा, परत आत जायचा, आणि त्याच्या हालचालीवरून कारकून मंडळी मसुदा पास होणार की परत येणार याचा अंदाज बांधायची. आता तो काचेखालच्या सुट्ट्यांच्या पत्रकावर, नेमका नागपंचमीच्या जागी, आडवा पडला होता. शिपाई झिपरूनं तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि कोऱ्या कागदावर ठेवून साहेबांपुढे सरकवला, सहीसाठी ठेवावा तसा. मग सगळे एकदम बोलायला लागले. सावळीराम निरभवणे तेवढा दाराकडे बघत होता. उजवा तळहात गरम झाला होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की मुलगी, लता, खाली सायकलींपाशी उभी आहे, तिच्या कानावर हे जाऊ नये.

फौजदार तरुण होता आणि नुकताच परीक्षा देऊन आल्यामुळे त्याला कायदा पाठ होता. त्यानं आधी विचारलं, की मारलं तेव्हा मधली सुट्टी चालू होती की संपली होती. चालू होती, असं दोन्ही बाजूंनी सांगितलं. फौजदार जरासा खट्टू झाला. सुट्टी संपली असती तर क्षेमकल्याणी कामावर असलेले सरकारी नोकर ठरले असते, आणि सरकारी नोकराला कामावर असताना मारणं हे फार मोठं काम होतं. सुट्टीत ते नुसतेच क्षेमकल्याणी होते. मग त्यानं विचारलं, मूठ होती की पंजा उघडा होता. हातात अंगठी होती का. दुसऱ्या हातात काय होतं. दुसऱ्या हातात पेढ्यांचा रिकामा खोका होता. फौजदारानं खोका मागवून घेतला, उलटासुलटा केला, आणि तो शस्त्र होत नाही असं ठरवून परत दिला. सावळीरामला हे सगळं ऐकताना एक विलक्षण गोष्ट कळली, की आपण जे केलं ते अजून काय आहे हे ठरलेलंच नाही. थप्पड एकच होती. पण ती सुट्टीतली की कामातली, उघड्या पंजाची की मुठीची, यावर ती लहान किंवा मोठी होणार होती. चिंचेचं झाड सकाळी आणि दुपारी वेगळी सावली पाडतं तशी. नुसता गाल सुजला असता तर फौजदारानं नोंद करून दोघांनाही घरी पाठवलं असतं. पण दात पडला होता. दात पडला म्हणजे कायद्याच्या हिशेबी हाड मोडलं, आणि हाड मोडलं की दुखापत साधी राहत नाही, जबर होते. दात आगपेटीत ठेवून, वर लाख लावून, मुद्देमाल म्हणून जमा झाला. आगपेटीवर घोड्याचं चित्र होतं. सावळीरामला पुढे कितीतरी दिवस तो घोडा दिसत राहिला.

निलंबनाचा हुकूम आला आणि दुपारी घरी असण्याची त्याला सवय करून घ्यावी लागली. नाशिकरोडच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्या दुपारी कशा असतात हे त्यानं इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीवर तीन वाजता ऊन यायचं आणि चष्म्याच्या काचा चमकायच्या. शकुबाई, त्याची बायको, आपल्या कामात असायची. फक्त भाकरी थापताना हात जरा जोरात पडायचा. शेजारचे सहादूमामा विडी ओढता ओढता सांगून गेले, की पोरा, मारायचंच होतं तर चांगलं दोन-चार दात पाडून घ्यायचे, कलम तेच लागलं असतं. सावळीराम हसला. मामांचं कायद्याचं ज्ञान चुकीचं नव्हतं.

वकील मिळाले ते दोंदे. कोर्टासमोर, एसटी स्टँडच्या बाजूला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची खोली होती, आणि खालून पंप मारल्याचा आवाज आला की ते बोलणं थांबवायचे. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. जबर दुखापतीचं कलम तीनशे पंचवीस कायम झालं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा; तेवढी कोण देत नाही, पण महिनाभर जरी आत गेलात तरी नोकरी गेली. हेच कृत्य गंभीर आणि आकस्मिक चिथावणीमुळे घडलं असं दिसलं, तर कलम खाली उतरतं, दंडावर सुटता, खातं फार तर बदली करील. म्हणजे सगळं चिथावणीवर आहे. तेव्हा क्षेमकल्याणी नेमकं काय बोलले ते सांगा, जसंच्या तसं सांगा, लाजू नका.

सावळीराम म्हणाला, ते काही बोलले नाहीत.

दोंद्यांनी पेनचं टोपण लावलं. "मग मारलं कशाला?"

हे सांगणं अवघड होतं, कारण सांगायला घेतलं की ते फार लहान व्हायचं. कचेरीत पेढे वाटायची रीत होती. कुणाला मुलगा झाला, कुणी कायम झालं, कुणाच्या भाच्याला देवळाली कॅम्पात तोफखान्यात नोकरी लागली, की खोका फिरायचा. क्षेमकल्याणींना पेढे आवडायचे. एक तोंडात, एक मागून घेऊन मुठीत. सावळीराम कायम झाला तेव्हा त्यानंही पेढे वाटले होते. क्षेमकल्याणींनी पेढा हसून घेतला, अभिनंदन केलं, आणि म्हणाले, संध्याकाळी देवापुढे ठेवून मग खातो. सावळीरामला ते फार आवडलं होतं. आपला पेढा कुणी देवापुढे ठेवील असं त्याला वाटलं नव्हतं. लता पहिली आली तेव्हा पुन्हा तेच. घराचा नंबर लागला तेव्हा पुन्हा तेच. मध्ये कधीतरी त्याच्या लक्षात आलं की बाकीच्यांचे पेढे देवाला दाखवावे लागत नाहीत. आणि मग एकदा झिपरू जिन्याखाली बसून पेढा खाताना दिसला, झिपरू पेठकडच्या डोंगरातला, साधा माणूस, बोटं चाटत म्हणाला, "साहेबांनी दिला. लय मायाळू हायेत." पेढ्यावर चांदीचा वर्ख होता. त्या दिवशी वर्खाचे पेढे सावळीरामनंच आणले होते. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? एका माणसानं एका माणसाला पेढा दिला, त्यानं तो तिसऱ्याला दिला, तिसऱ्यानं आनंदानं खाल्ला. यात वाईट वाटलेला माणूस एकच, आणि त्याला वाईट वाटलंय हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळेला त्यानं पुन्हा पेढे वाटले. न वाटले असते तर ते दिसलं असतं.

यंदा लता मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली. ती म्हणाली, बाबा, मी येते तुमच्याबरोबर, मीच देते सगळ्यांना. नको म्हणायला त्याच्यापाशी कारण नव्हतं. ती टेबलाटेबलाशी गेली, क्षेमकल्याणींना तिनं वाकून नमस्कार केला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुठल्या विषयात किती ते विचारलं, गणिताचं कौतुक केलं. आशीर्वाद अगदी मनापासून होता. पेढा त्यांच्या हातात होता. मग ती खाली गेली. थोड्या वेळानं सावळीराम तिला पोचवायला जिना उतरला, तर ती सायकलींपाशी उभी, तळहातावर अर्धा पेढा. झिपरूनं दिला, म्हणाली. म्हणाला, घे पोरी, साहेबांनी मला दिला, त्यातला अर्धा तुला. आणि मग तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, की क्षेमकल्याणीकाकांना पेढा आवडला नाही का. सावळीराम म्हणाला, त्यांना गोड चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय. आणि जिना चढून वर गेला. जिना चढताना त्याला राग आलेला नव्हता. रिकामा खोका परत आणायचा राहिलाय, असंच काहीतरी मनात होतं. खोका त्यानं उचललाही. मग उजवा हात मोकळा राहिला.

दोंद्यांनी हे सगळं ऐकलं. खाली पंप चालू होता, तो थांबेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, की पेढा न खाणं हा भारतीय दंड विधानात गुन्हा नाही. समोरचा वकील मधुमेहाचा दाखला आणील. आणि दुसरं असं, की तुम्ही म्हणता हे दहा-अकरा वर्षं चाललं होतं. ते तर तोंडातून काढूच नका. इतक्या वर्षांचा राग म्हणजे आकस्मिक नाही. तो झाला पूर्ववैमनस्य. त्यानं उलट वजन वाढतं, मनात धरून मारलं असं होतं.

"निरभवणे, तुमचा राग जुना आहे," दोंदे म्हणाले. "कोर्टाला ताजा लागतो."

मग त्यांनी मार्ग सांगितला. क्षेमकल्याणी जातीवरून काहीतरी बोलले असं म्हणायचं. काय बोलले ते तुम्हीच ठरवा, मी शब्द देणार नाही, ते माझ्या व्यवसायात बसत नाही. पण एकच वाक्य ठेवा, लहान ठेवा, आणि प्रत्येक वेळी तेच सांगा. नाहीतर मुलीला साक्षीला आणा, ती पेढ्याचं सांगेल. मुलीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं तर मॅजिस्ट्रेटही माणूसच आहे. मुलीला नाही, सावळीराम लगेच म्हणाला. गोड चालत नाही, हे तिनं मान्य केलं होतं. निदान पुढे काही विचारलं नव्हतं. ती साक्षीला उभी राहिली तर सगळ्यांसमोर तिला ते नीट समजावून घ्यावं लागलं असतं, आणि समोरचा वकील तिला ते पुन्हा पुन्हा समजावून विचारणार होता.

तेव्हा वाक्य शोधणं आलं. दुपारच्या त्या दोन खोल्यांत, कॉटवर पडून, सावळीरामनं वाक्य शोधायला सुरुवात केली, आणि त्याला आढळलं की तुटवडा अजिबात नाही. उलट निवड करणं कठीण होतं. दिंडोरीचा न्हावी एक बोलला होता, पण ते वस्तऱ्यासंबंधी होतं, कचेरीत शोभलं नसतं. शाळेतले एक मास्तर पाटी दुरून बघायचे आणि चुकलं की जे म्हणायचे ते वाक्य सुबक होतं, पण जरा पुस्तकी. कॅम्पात खोली बघायला गेला होता तेव्हा घरमालकीण आधी आडनाव विचारून घेत म्हणाली होती, की निरभवणे म्हणजे कोण. ह्याला चिथावणी म्हणता आलं नसतं, ती बाई चहाही विचारत होती. एकेक वाक्य तो क्षेमकल्याणींच्या तोंडात घालून बघायचा, आणि दर वेळी क्षेमकल्याणी त्याच्या मनातच मान हलवायचे, मसुदा परत करताना हलवायचे तशी. शेवटी त्याला खळ्यावरचं वाक्य आठवलं. आठवलं म्हणणं खरं नाही. ते तिथंच होतं, तो इतका वेळ त्याला वळसा घालून इतर वाक्यांकडे जात होता. गावी, सुगीत, त्याचा बाप धोंडीराम पाटलाच्या खळ्यावर आपला वाटा मागायला गेला होता आणि सात-आठ वर्षांचा सावळीराम मागे उभा होता. खळ्यावरून एकजण बोलला. वाक्य लहान होतं आणि त्यात आजीचा उल्लेख होता. बाप हसला. मोठ्यानं नाही, पाहुण्याच्या चेष्टेवर हसावं तसा. मग वाकून त्यानं सुपातलं धान्य घोंगडीत घेतलं, आणि घरी येईपर्यंत बापलेक पावसापाण्याचं बोलत आले. बापानं पुढे गावकीची ती सगळी कामं सोडली, धर्म बदलला, शहरात येऊन बिटको चौकात हमाली केली, आणि मरेपर्यंत त्या वाक्याविषयी एक अक्षर काढलं नाही. सावळीरामनंही काढलं नाही. हे वाक्य खरं होतं, लहान होतं, आणि कुठल्याही न्यायाधीशाला गंभीर वाटलं असतं. फक्त तोंड बदलायचं होतं. तीस-बत्तीस वर्षं मागचं उचलून गेल्या जूनमध्ये ठेवायचं होतं. त्यानं ते दोंद्यांना सांगितलं. दोंद्यांनी पेनचं टोपण काढलं आणि ते म्हणाले, हे चालेल.

खटला उभा राहीपर्यंत हिवाळा आला. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात क्षेमकल्याणी स्वतःहून त्याच्याजवळ आले. नवी कवळी बसवली होती, ती बोलताना किंचित टकटकायची. ते खरोखरच दुखावलेले दिसत होते. म्हणाले, निरभवणे, मी एवढंच विचारतो, इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक वाकडा शब्द तरी बोललो का? जातीवरून मी आयुष्यात कुणाला बोललेलो नाही; आमच्या घरात ती पद्धतच नाही. सावळीराम म्हणाला, नाही साहेब, बोलला नाहीत. क्षेमकल्याणींनी समाधानानं मान डोलावली आणि ते निघून गेले. दोंदे धावत आले, की काय बोललात त्याच्याशी, काही कबूल तर केलं नाही ना.

साक्षी सरळ झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हिरड्यांना जुना रोग होता, मूळ सुटलेलं होतं, हा दात पेरू खातानाही पडला असता. क्षेमकल्याणींना हे आवडलं नाही. आपल्या दाताची अशी बदनामी चारचौघांत व्हावी याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनीही शपथेवर सांगितलं, की आमच्यात पूर्वीचं वैर काही नव्हतं, संबंध चांगले होते. झिपरूनं दात कसा उचलला ते सांगितलं, आणि कुणी न विचारता पुढे जोडलं, की साहेब मायाळू हायेत, मला पेढं देत्यात. दोंदे पुढचा प्रश्न विचारायला अर्धे उठले. तो प्रश्न काय होता ते सावळीरामला कळलं, त्याच्या पुढचा कुठला आणि त्याच्या पुढे कुणाचं नाव येणार तेही कळलं, आणि त्यानं मागून वकिलांचा काळा कोट ओढला. दोंदे बसले.

मग मॅजिस्ट्रेटनी आरोपीला विचारलं. गृहस्थ सौम्य होते, सर्दी झालेले होते. फिर्यादीला मारल्याचं तुम्ही नाकारत नाही. कारण काय झालं? सावळीरामचं वाक्य तयार होतं. त्यानं तोंड उघडलं. समोर क्षेमकल्याणी कवळी नीट करत बसले होते, आणि सावळीरामच्या मनात अतिशय कोरडा असा विचार आला, की हे वाक्य आपण या माणसाला का देतोय. हे बापाचं होतं. बापानं ते सुपातल्या धान्यासारखं घोंगडीत घेऊन घरापर्यंत आणलं होतं, उभ्या जन्मात खाली सांडू दिलं नव्हतं. ते उचलून एका हेडक्लार्कच्या नावावर लावायचं, ज्यानं त्यासाठी काहीही केलेलं नाही. इतकंच की तो काही बोलला नाही. आणि ते टाइप होणार होतं, तीन प्रतींत. टंकलेखक बोटं उचलून वाट बघत होता.

"ते काही बोलले नाहीत," सावळीराम म्हणाला.

"मग?"

"मुलगी पास झाली म्हणून पेढे होते. त्यांनी पेढा खाल्ला नाही."

आधी टंकलेखक हसला. मग दारातला हवालदार, मग सरकारी वकील, मग मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट बघणारी माणसं. कांद्याच्या गाडीच्या भांडणात आलेले लासलगावचे दोन भाऊ एकमेकांना कोपरं मारून हसले. दोंद्यांनी डोळे मिटून घेतले. मॅजिस्ट्रेटनी नाक पुसलं आणि सांगितलं, लिहा, क्षुल्लक कारणावरून.

निकाल त्या दोन शब्दांवर लागला. सावळीराम उभा राहून ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याची थप्पड लहान लहान होत गेली. कारण क्षुल्लक, पूर्ववैमनस्य नाही, दोन्ही पक्षांना मान्य, पंजा उघडा, हत्यार नाही, सुट्टीची वेळ, दात मुळातच सुटलेला. एवढ्या क्षुल्लक कारणावरून कुणी कुणाला जबर दुखापत करण्याचा हेतू धरील हे संभवत नाही, सबब तीनशे पंचवीस सिद्ध होत नाही, साध्या दुखापतीचं तीनशे तेवीस होतं, दंड. दातावर दीड पान होतं. पेढ्यावर अर्धी ओळ. बाहेर आल्यावर दोंदे त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की नशीबवान आहात, ते वाक्य सांगितलं असतं तर चिथावणी सिद्ध करता करता आपलं नाक फुटलं असतं. हे पेढ्याचं मला आधी सुचायला हवं होतं. पेढ्याचं त्यांना आधी सांगितलेलं ते बहुधा विसरले होते. नोकरी वाचली होती. सावळीराम स्टँडवर जाऊन नाशिकरोडच्या बसच्या रांगेत उभा राहिला. सगळं चांगलं झालं होतं. क्षुल्लक, क्षुल्लक, असं तो मनाशी म्हणून बघत होता; शब्द गुळगुळीत होता, कुठे पकडता येत नव्हता.

घरी शकुबाईनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग तांब्या पुढे केला. बदली होईल, तो म्हणाला, बाकी काही नाही. ती आत गेली आणि बराच वेळ भांडं घासत राहिली, स्वच्छ असलेलं. लता कॉलेजचं पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिनं पुस्तक मिटलं नाही.

"तुम्ही काय सांगितलं कोर्टात?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. इतके महिने सांभाळलेलं आता सांभाळायला हातात काही राहिलं नव्हतं. तीन प्रतींत टाइप झालं होतं. "क्षेमकल्याणी साहेबांनी पेढा खाल्ला नाही, असं सांगितलं."

"मग लोक हसले असतील."

"हसले. सगळे हसले."

"तेसुद्धा?"

सावळीरामला आठवून बघावं लागलं. टंकलेखक, हवालदार, लासलगावचे भाऊ, सगळ्यांची तोंडं त्याला दिसली. मग क्षेमकल्याणी दिसले. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि त्यांचा हात तोंडावर होता, कवळी जागची हलू नये म्हणून धरावा तसा.

"नाही," तो म्हणाला. "ते नाही हसले."

लतानं पान उलटलं.

"मग त्यांना कळलं, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला कळायला नकोच होतं."